खडा, कातडी आणि फुफ्फुस



रत्ने, स्फटिक आणि कातडीची निगा या विषयावर मी बोलणार, हे कळल्यावर पेठेतील एका मित्राने मला रस्त्यातच गाठले. म्हणाला, "बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून तू तोंडाला लावायच्या खड्यांच्या नादाला कुठं लागलास?" प्रश्न रास्त होता. मी जवाहीर नव्हे, वैद्य नव्हे, आणि शास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. नववीत शाळा सुटली, फौंड्रीत वाळू चाळावयास लागलो, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते करवीर नगर वाचन मंदिरातील पुस्तकांनी व कामगारांच्या तक्रारींनी केले. परंतु या विषयाचे एक टोक जसे आरशासमोर आहे, तसे दुसरे टोक कामाच्या जागी आहे. आणि त्या दुसऱ्या टोकाशी मी तीस वर्षे उभा आहे. एवढ्या आधारावर मी आज बोलण्याचे धाडस करतो.

निमित्त घरातलेच आहे. माझ्या पुतणीने मोबाईलवरून एक वस्तू मागविली. पितळी दांडी, आणि तिच्या टोकाला गुलाबी दगडाचे लहानसे लाटणे. हे लाटणे रोज सकाळी तोंडावर फिरवावयाचे. मी म्हटले, "बाळे, ह्यानं होतंय काय?" ती म्हणाली, "काका, ह्यानं तोंडावरची सूज उतरती, कातडीतलं विष बाहेर पडतंय, आणि हा प्रेमाचा दगड हाय म्हणं, मन पण शांत राहतंय." मी डबी उलटसुलट करून पाहिली. गुणांची यादी मोठी होती. पण दगड कोठला, घासला कोणी, याचा एक शब्द नव्हता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला.

प्रथम हा दगड म्हणजे काय ते पाहू. गुलाबी स्फटिक, जांभळा स्फटिक म्हणजे अ‍ॅमेथिस्ट, पांढरा बिलोरी स्फटिक आणि मण्यांचा अकीक ही सारी एकाच घराण्यातली भावंडे. घराण्याचे नाव सिलिका. आपल्या मराठीत हिला गारगोटी म्हणतात. भुदरगडातले गाव नव्हे. आपले आजोबा जिच्यावर पोलाद आपटून ठिणगी पाडीत, ती गारगोटी. जांभळ्या स्फटिकाला रंग येतो तो लोहाच्या लेशामुळे. फौंड्रीत ज्या वाळूचे साचे करतात, ती वाळूही बव्हंशी हीच गारगोटी. तेव्हा पुतणीच्या हातातले लाटणे आणि शिरोलीच्या कारखान्यातला वाळूचा ढीग यांचे रासायनिक गोत्र एकच. एक आरशापुढे बसला आहे, दुसरा भट्टीपुढे.

आपला महाराष्ट्र तर अशा खड्यांची खाणच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरांवर थर पसरले; त्यांचाच आपला काळा कातळ झाला. थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने तेथे स्फटिक जमविले. जळगाव, नाशिक, पुणे या भागांत विहीर किंवा खाण खणताना असे चकाकणारे कोनाडे उघडे पडतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतील निळेभोर कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरला तर गारगोटी या नावाचेच खनिजांचे संग्रहालय आहे. ज्यांना खड्यांचे सौंदर्य पाहावयाचे असेल त्यांनी तेथे अवश्य जावे. सुंदर वस्तू आवडणे हा काही दोष नाही. माझे भांडण सौंदर्याशी नाही. खड्याच्या तोंडी जो शब्द घातला जातो, त्याच्याशी आहे.

आता कातडी. प्रौढ माणसाच्या अंगावर सुमारे पावणेदोन चौरस मीटर कातडी असते. तिचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा, एकावर एक रचलेल्या कौलांसारखा असतो. आणि कौलांमध्ये चुना भरावा तसा पेशींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. हा थर बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. पण पहारा असा कडक, की फार लहान रेणूंनाच तो वाट देतो. खाली नवे थर तयार होत असतात, आणि महिन्याभरात जुने झडून जातात. आपण पावसात भिजतो आणि तरी आत पाणी शिरत नाही, ते याच पहारेकऱ्यामुळे.

अशा कातडीवर गारगोटी फिरविली तर काय होईल? गारगोटी पाण्यात विरघळते किती? साध्या पाण्याच्या एका लिटरमध्ये फार तर दहा-बारा मिलिग्रॅम, तेही बरेच दिवस ठेवल्यावर. म्हणजे पाच मिनिटे गालावर फिरविलेल्या दगडातून काहीही सुटत नाही, आणि सुटलेच तरी आत जात नाही. विष बाहेर ओढण्याची गोष्टही तशीच. रक्तातली घाण बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. ती नोकरी त्यांनी कधी दगडाकडे सोपविलेली नाही.

"पण काका, सूज खरंच उतरती की!" असे पुतणी म्हणते, आणि ते खोटे नाही. गारगोटी काचेपेक्षा किंवा लाकडापेक्षा हाताची ऊब लवकर ओढून घेते, म्हणून ती गार लागते. गारव्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हलक्या दाबाने डोळ्यांखाली साचलेले पाणी थोडे सरकते. सूज घटकाभर उतरते. पण माठात बुडविलेली स्टीलची वाटी गालावर फिरवा, तीही तेवढेच काम करील. गुण गारव्याचा आणि हाताचा आहे. लाटण्याची किंमत मात्र दगडाच्या नावाने घेतली जाते.

दुसरा एक मुद्दा शिकलेले लोकही मांडतात. ते म्हणतात, "घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो कंप पावतो, म्हणजे त्यात शक्ती असली पाहिजे." यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य फार दूरवर धावते. १८८० साली झाक आणि प्येर क्यूरी या दोघा भावांनी दाखवून दिले की काही स्फटिक दाबले असता त्यांच्या बाजूंवर विद्युत्भार येतो. उलट वीज दिली तर स्फटिक हलतो. घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. परंतु त्याला हलविते ती बॅटरी! बॅटरी संपली की घड्याळ बंद पडते, स्फटिक मात्र तेथेच असतो. ज्या खड्याला घड्याळाचा काटा स्वतःच्या बळावर ढकलता येत नाही, तो आपल्या कातडीचे वय कसे मागे ढकलणार?

आणि मनाची शांती? याचीही परीक्षा झालेली आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातील क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ साली आपला प्रयोग मांडला. त्यांनी ऐंशी माणसांना हातात स्फटिक धरून पाच मिनिटे ध्यान करावयास सांगितले. काहींच्या हाती खरा स्फटिक होता, काहींच्या हाती काचेचा बनावट. काय काय जाणवण्याचा संभव आहे, ते आधी सांगून ठेवले होते. ऐंशींपैकी फक्त सहांना काही जाणवले नाही. बाकीच्यांना ऊब, झिणझिण्या, शांतता जाणवली. आणि खरा खडा धरणारे व खोटा धरणारे यांच्या अनुभवांत फरक निघाला नाही. अनुभव लबाडीचा नव्हता, खरा होता. पण तो खड्यातून आला नव्हता. पाच मिनिटे स्वस्थ बसण्यातून आणि अपेक्षेतून आला होता. आमच्या बायाबापड्यांना दिवसात पाच मिनिटे स्वस्थ बसावयास मिळत नाहीत, हे खरे दुखणे आहे. त्यावर दगड विकण्यापेक्षा ती पाच मिनिटे मिळवून देणे मी अधिक मोलाचे समजतो.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी रत्नांचे गुण सांगितले ते का व्यर्थ? मी पूर्वजांची थट्टा करणाऱ्यांपैकी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षा लिहिली. हिरा, मोती, माणिक कसे पारखावे हे सांगताना त्याने निरीक्षणाची शिस्त दाखविली. त्याबरोबर शुभाशुभाच्या समजुतीही आल्या, कारण तो काळ तसा होता. आयुर्वेदातही मोती आणि पोवळे यांच्या पिष्टी सांगितल्या आहेत. पण मोती आणि पोवळे ही गारगोटी नव्हेत, प्राण्यांनी घडविलेला चुन्याचा कार्बोनेट आहे, आणि वैद्य ती मात्रा ठरवून पोटात देतो. त्या ग्रंथांचा आधार घेऊन गुलाबी दगडाचे लाटणे विकणे म्हणजे आजोबांच्या सहीवर नातवाने कर्ज काढण्यासारखे आहे.

मग खनिजांचा कातडीला काहीच उपयोग नाही काय? आहे, चांगला आहे. आणि तो आपल्या पेठेत रोज दिसतो. न्हाव्याकडे जा. वस्तरा लागून रक्त आले की तो तुरटीचा खडा ओला करून फिरवितो. तुरटी म्हणजे पोटॅशियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे सल्फेट. ती पाण्यात विरघळते, आणि तिच्यातील अ‍ॅल्युमिनियमने रक्तातली व कातडीवरची प्रथिने आकसून गोठतात. म्हणून रक्त थांबते. खऱ्या अर्थाने कातडीवर काम करणारा स्फटिक कोणता म्हणाल, तर हा. आणि तो काही रुपयांत मिळतो. मुलतानी माती तेल शोषून घेते. जस्ताची भुकटी, म्हणजे झिंक ऑक्साइड, उन्हातील घातक किरण अडविते. कॅलामाइन लोशनमध्ये तीच असते, आणि त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. गंधकाचे मलम खरजेवर फार पूर्वीपासून लावतात. टाचांना पडलेल्या घट्ट्यांवर वज्री चालते, ती साध्या घर्षणाने. या प्रत्येकात "कसे?" या प्रश्नाला उत्तर आहे.

उलट, निसर्गातले ते सारे निरुपद्रवी ही समजूतही टाकून दिली पाहिजे. हिंगूळ हा निसर्गातलाच सुंदर तांबडा दगड, पण तो पाऱ्याचा आणि गंधकाचा संयोग आहे. जुन्या पद्धतीच्या सुरम्याचा दगड पुष्कळदा शिशाचा असतो. गोरे करण्याच्या काही मलमांत पाऱ्याचे क्षार सापडले आहेत. हा पारा मात्र कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडे बिघडवितो. म्हणून भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी, डोळ्यांभोवती लावण्याची प्रसाधने वगळता, नकळत राहिलेल्या पाऱ्याचीही मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली बांधली आहे. तेव्हा अंगाला लावावयाच्या वस्तूबद्दल "नैसर्गिक आहे काय?" एवढेच विचारून भागत नाही. "यात काय आहे, आणि ते कसे काम करते?" असे विचारावे लागते.

येथवरचे बोलणे आरशासमोरचे झाले. आता दुसऱ्या टोकाकडे येतो.

मी ज्या फौंड्रीत होतो तेथे माझ्याबरोबर फेटलिंगला एक गडी होता. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतकामाला चिकटलेली वाळू आणि उरलेले लोखंड चाकावर घासून काढणे. धिप्पाड माणूस, लहानपणी तालमीत घुमलेला. चाळिशीच्या आत त्याला जिन्याच्या चार पायऱ्या चढवेनात. खोकला सुरू झाला. क्षयाची औषधे एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. त्याचे काम काय, असे एकाही डॉक्टराने विचारले नाही, आणि आम्हांलाही ते सांगण्याचे सुचले नाही. शेवटी घरच्यांनी पत्रिका दाखविली. साडेसाती निघाली. पतपेढीचे कर्ज काढून सव्वापाच रत्तीचा खडा अंगठीत बसविला. तो खडा बोटात असतानाच तो गेला. अंगठी सोडविताना त्याच्या बायकोने मला विचारले, "ह्यो खडा खोटा हुता काय हो?" मला उत्तर देता आले नाही. आज देता येईल: वहिनी, खडा खरा असो की खोटा, बोटातला खडा काही करीत नव्हता. जे करीत होते ते त्याच्या छातीत होते. आणि तोही दगडच होता.

या रोगाचे नाव सिलिकोसिस. गारगोटी फोडली, घासली किंवा दळली की तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकाघशात अडकते. ती तितकी घातक नाही. घातक असतात ते मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून बारीक कण. माणसाचा केस त्यांच्या दहापट जाड असतो. हे कण थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतात. तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. पण गारगोटी पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुफ्फुसात वणांच्या गाठी बनतात आणि ते आखडत जाते. काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो. तो उलटविणारे औषध नाही. अशा फुफ्फुसात क्षय सहज घर करतो. आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकेची श्वासावाटे जाणारी धूळ कर्करोगकारक ठरविली. जी गारगोटी गालावर आयुष्यभर फिरविली तरी कातडीत शिरत नाही, तीच धूळ होऊन फुफ्फुसात शिरली की बाहेर पडत नाही.

आपल्या देशात अकीक घासण्याचे एक जुने गाव गुजरातेतील खंबायत, म्हणजे खंभात. जवळच्या लोथलला हडप्पा काळातील मणी बनविण्याची जागा सापडली आहे. या मण्यांचा दगड नर्मदेच्या परिसरातील रतनपूरकडून येतो, आणि तो आपल्याच दख्खनच्या कातळातून झिजून आलेला आहे. दगड उन्हात वाळवितात, मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या आचेत भाजतात. आत असलेल्या लोहामुळे त्याला लाल रंग चढतो. मग लोखंडी मेखेवर टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके काढतात, चाकावर घासतात, भोक पाडतात, झिलई देतात. आज तेथून मण्यांबरोबर मसाज करण्याच्या कांड्या, गोळे, पिरॅमिड असा "उपचारा"चा मालही बाहेर जातो. हे काम बहुतेक घराघरांतून चालते. पुरुष चाकावर, शेजारी बायको, अंगणात मुले. धूळ सर्वांच्या वाट्याला सारखीच. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या घासणाऱ्यांची तपासणी करून त्यांच्यात सिलिकोसिस असल्याचे नोंदविले आहे, आणि वडोदऱ्याच्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटरने त्यांच्या बाजूने काम केले आहे. ज्या हातांनी आरोग्याचा दगड घासला, त्या हातांच्या मालकाचा श्वास गेला. हा विनोद नाही, हिशेब आहे.

गुजरातेतच गोध्रा, बालासिनोर भागात गारगोटी दळण्याचे कारखाने होते. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूरकडचे आदिवासी तेथे मजुरीला जात आणि छाती घालवून गावी परतत. त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. माणूस गेल्यावर मिळालेले तीन लाख हा न्याय पुरता नव्हे. पण रोगाला कामाचे नाव मिळाले, हे त्या लढ्याचे यश.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा कळविण्यास बंधनकारक असा रोग ठरविला. परंतु विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसे असतील तरच तो कारखाना. २०२० च्या संहितेने ती रेषा विसांवर नेली. खंभातच्या अंगणात बायको आणि दोन पोरे धरून चार माणसे असतात. कारखान्याची रेषा त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरा कायदा १९५४ चा, चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना बंदी करणारा. त्यात ताईत, मंत्र, कवच यांच्या जोरावर रोग बरा करण्याचे दावे जाहिरातीत करण्यास मनाई आहे. वेष्टनावर "सौंदर्य" आणि "ऊर्जा" असे मोघम शब्द छापले की त्यातून सुटण्याची वाट शोधता येते. म्हणून कायद्याबरोबर ग्राहकाने जागे राहिले पाहिजे.

उपाय अवघड नाहीत, आणि नवेही नाहीत. चाकावर पाण्याची धार सोडून ओले घासावे म्हणजे धूळ उडत नाही. चाकाच्या तोंडाशी धूळ ओढून नेणारा पंखा बसवावा. वर्षाला छातीचा फोटो काढावा आणि तो पाहणाऱ्या डॉक्टराने पहिला प्रश्न "काम काय करता?" हा विचारावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही, हे प्रत्येक कामगाराला कळले पाहिजे. आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात फौंड्रीत काम करणारी मुले तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. खोकला महिनाभर हटला नाही तर जवाहिराकडे जाण्यापूर्वी त्याला छातीच्या डॉक्टराकडे न्या, आणि तो वाळूत काम करतो हे आठवणीने सांगा.

माझ्या पुतणीला मी हे सारे सांगितले. तिने लाटणे फेकून दिले नाही. फेकून देऊन घासणाऱ्याचा श्वास परत येणार नव्हता. तिने विकणाऱ्याला पत्र धाडले: हा दगड कोठे घासला, ओला की कोरडा, आणि घासणाऱ्यांची तपासणी होते काय? अजून उत्तर आलेले नाही. पण हा प्रश्न एका मुलीने विचारला तर उत्तर येत नाही, आणि हजारांनी विचारला तर द्यावेच लागते, हा माझ्या तीस वर्षांच्या धंद्यातला अनुभव आहे. आपण रंकाळ्याच्या काठी राहणारी माणसे. हा तलाव मुळात दगडाची खाण होता असे सांगतात. दगडाचे मोल आपल्याला कोणी शिकवावयास नको. त्यापुढे तो घडविणाऱ्याचे मोल असते, एवढेच आजच्या बोलण्यातून घरी न्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.